वाघाचे राहून गेलेले डोळे

आमच्या कारखान्यात जनावर म्हणजे कुणाचं तरी वाहन. उंदीर गणपतीचा, सिंह देवीचा, मोर सरस्वतीचा. पेणमध्ये गणपती जिथे घडतात त्या जागेला कारखाना म्हणतात, मग तिथे वीस माणसं राबत असोत की पडवीत दोघे बसलेले असोत. आमचा वडिलांपासूनचा. त्यात मी इतकी वर्षं सिंह केले, पण सिंहाची पाठ कशी असते असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. पाठीवर देवी बसलेली असते आणि मूर्तीची मागची बाजू मखराकडे जाते. जी बाजू कुणी बघणार नाही ती आम्ही पाण्याचा हात फिरवून सपाट सोडून देतो. यात फसवणूक नाही, धंद्याची रीतच ती.

दिवाळी झाली की आमच्याकडे काम थंडावतं. अशाच दिवसांत घाटावरच्या एका शहरातल्या प्राणिसंग्रहालयातून एक बाई जीप घेऊन आल्या. त्यांना वाघ हवा होता, मगर हवी होती, कासव आणि हत्तीचं पिल्लू हवं होतं. अंध शाळेतली मुलं सहलीला येतात, पिंजऱ्याबाहेर उभी राहतात, वास घेतात, डरकाळी ऐकली तर ऐकतात आणि डबे खाऊन परत जातात, असं त्या म्हणाल्या. त्या मुलांना हात लावून बघता येतील अशी जनावरं त्यांना करून हवी होती. आम्ही मातीत घडवायची, मग साचा काढून ती फायबरमध्ये ओतायची. जाताना बाईंनी बजावलं की आधी एखाद्या अंध माणसाला हात लावायला द्या आणि तो सांगेल तसं करा. मी पटकन बोलून गेलो, ‘त्याची काळजी नको, घरातच आहे.’

घरात म्हणजे माझा थोरला भाऊ. पण तेव्हा तो घरात नव्हता. पेण सोडून त्याला चार वर्षं झाली होती. तो वहिनीच्या माहेरी, रोह्याजवळच्या एका गावात राहत होता. हवा मानवते म्हणून तिकडे असतो, असं मी लोकांना सांगायचो. पेणहून रोह्याला हवापालट करायला जगात कुणी जात नाही. तो माझ्यामुळे गेला होता.

आमच्या धंद्यात डोळे रंगवत नाहीत, आखतात. मूर्तीचं अंग, सोवळं, दागिने कुणीही रंगवेल, पण डोळ्यांची आखणी एकच माणूस करतो आणि ती झाल्यावरच मातीचा देव होतो. आमच्याकडे हे काम दादाचं. पांढऱ्यावरची ती काळी रेघ तो एका दमात ओढायचा, मध्ये श्वास नाही. आखणीला बसला की त्याच्याशी बोलायचं नाही. चहासुद्धा जवळ ठेवायचा नाही, कपाचा आवाज त्याला खपत नसे. आम्ही कौतुकाने नव्हे, वैतागून त्याला सरकार म्हणायचो. पण त्याने आखलेला गणपती खोलीत कुठेही उभं राहिलं तरी आपल्याकडे बघायचा, आणि गिऱ्हाइकं त्यासाठीच यायची.

मग त्याच्या डोळ्यांचा पडदा वाळायला लागला. आधी संध्याकाळनंतर दिसेना, मग दिवसाही बाजूचं दिसेनासं झालं. दोन हंगाम त्याने ते कुणाला कळू दिलं नाही. नाक सोंडेला टेकेपर्यंत तो मूर्तीजवळ जायचा आणि आम्ही विचारायचो, ‘काय सरकार, बाप्पाच्या कानात काय सांगता?’ तोही हसायचा. त्या वर्षी चतुर्थीच्या तोंडावर नागोठण्याचं एक कुटुंब आपली मूर्ती परत घेऊन आलं. एक डोळा समोर बघत होता, दुसरा दाराकडे. हंगामाची घाई, माझं डोकं तापलेलं. मी सगळ्या कामगारांसमोर म्हणालो, ‘दादा, उद्यापासून तू ब्रशला हात लावू नकोस.’ त्याने ब्रश धुतला, फडक्याने पुसला आणि माझ्या हातात दिला. विसर्जनानंतर तो आणि वहिनी निघून गेले. मी थांबवलं नाही. आखणी मी करू लागलो, बरी करायचो.

तर आता त्यालाच आणायला मी रोह्याची गाडी पकडली. तो ओटीवर बिरडं सोलत बसला होता; एव्हाना त्याचं दिसणं पार गेलं होतं. भिजवून मोड आणलेल्या वालाचं साल असं काढायचं की आतली डाळिंबी अख्खी राहिली पाहिजे. वहिनी म्हणाली, ‘गावात ह्यांच्यासारखं कुणाला जमत नाय, शेजारणी वाडगे घेऊन येतात.’ मला ते ऐकवेना. सुंदर आखणी करणारे ते हात गावभरचे वाल सोलत होते. मी सगळं सांगितलं. त्याने हातातला वाडगा संपवला, मग विचारलं, ‘वाघ केवडा?’ मी म्हटलं, आपल्या मोठ्या टेबलाएवढा. ‘मग चल,’ म्हणाला आणि ओल्या हातानेच उठला.

मी वाघ आधीच अर्धा उभा केला होता. दादाने त्याच्या आयाळीसारख्या कुरळ्या गालांवरून हात फिरवला आणि हसायला लागला. म्हणाला, ‘ह्यो देवीचा हाय. देवी उतरून गेली आनि ह्यो हितंच रायला.’ मग त्याचा हात पलीकडच्या बाजूला गेला. तिथे सवयीने मी सपाट करून ठेवलं होतं. तो जरा वेळ चाचपत राहिला.

‘ह्याची पाठ कुठं हाय?’

मग तोच म्हणाला, ‘आंधळ्याला मखर नाय रे. तो सगळीकडनं येतो.’

त्यानंतर तीन आठवडे माझा भाऊ मला परत मिळाला. शेजारची मांजर धरून आणायला लावून तो तिला मांडीवर घेऊन बसायचा आणि खांद्याची हाडं कशी हलतात ते बघायचा. तिने बोचकारलं तरी सोडायचा नाही. गोठ्यात जाऊन म्हशीच्या पापण्या चाचपून आला. हत्ती पेणमध्ये कुठला? पण लहानपणी दारोदार फिरणारा एक हत्ती आमच्या आळीत आला होता. त्याचं अंग गुळगुळीत नव्हतं, त्यावर ताठ केस होते, हे त्याच्या तळहाताला आठवत होतं. त्याने काथ्या बारीक कापून पिल्लाच्या डोक्यावर मातीत खोचला. कातड्याच्या घड्या त्याने अंगठ्याने पाडल्या, कोरणीला हात लावला नाही. चहा गार आहे म्हणून भांडला, माती घट्ट भिजवली म्हणून मला सगळ्यांदेखत झापलं. कामगार पुन्हा त्याला सरकार म्हणायला लागले आणि मला खरोखर बरं वाटत होतं. वाटायचं, माझ्या हातून झालेलं जरा तरी फिटतंय.

डोळे त्याने शेवटी केले. वाघाच्या दोन डोळ्यांना त्याला दोन दिवस लागले. बुबुळ चांगलं वर आलेलं, पापण्या जाड, आणि त्यांच्यामध्ये नख बसेल एवढी खोल चीर. ‘बोटाला डोळा दिसायचा तर खोल लागतो,’ असं तो म्हणायचा. झाल्यावर त्याने मला बोलावलं आणि डोळे मिटून हात लावायला सांगितलं. मी हात लावला, पण डोळे नीट मिटले नाहीत. दारात कुणी गिऱ्हाईक आलं होतं, ते मी किलकिल्या डोळ्यांनी बघत होतो. ‘कसा वाटतो?’ त्याने विचारलं. मी म्हटलं, एक नंबर. त्याला तेवढं पुरलं. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. आपली शाबासकी खोटी होती हे मला तेव्हा खुपलंसुद्धा नाही.

पौषात वहिनीला ताप आल्याचा निरोप आला आणि तो रोह्याला गेला. जाताना एवढंच म्हणाला की जनावरं सावलीत सुकू दे, हात लावू नको, मी येऊन बघतो, मगच साचेवाल्याला बोलव. वहिनीचा ताप लांबला. साचेवाला पनवेलचा. त्याला मध्येच सवड मिळाली आणि दोन दिवसांत येतो असा त्याने निरोप धाडला.

त्याच दिवशी शेजारचे एक कारखानदार आमच्याकडे डोकावले. जनावरांभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारलं, ‘हे काय, कच्चंच पाठवताय?’ बोलले सहज, पण मला झोंबलं. ते गेल्यावर मी दारं उघडून चांगल्या उजेडात बघितलं, तर खरंच, सगळीकडे अंगठ्याचे ठसे. वाघाचे डोळे बाहेर आलेले, पापण्या सुजल्यासारख्या. पिल्लाच्या डोक्यावर काथ्याचे झुबके. आमच्या कारखान्यातून असं काम कधी गेलं नव्हतं. आमच्याकडे मूर्तीवर हात फिरवून बघायची रीत आहे, आणि बोटाला काही लागलं तर ते काम वाईट. मला वाटलं, बिचाऱ्याला दिसत नाही, त्याला कळलं नसेल. आपण नाही सावरायचं तर कुणी? हे मी प्रेमाने म्हणत होतो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट मी प्रेमाने केली, हे आता लिहितानाही मला स्वतःला पटवून द्यावं लागतं.

मी पॉलिश पेपर घेऊन बसलो. दोन दिवस घासलं. काथ्या उपटून काढला, घड्या पाण्याच्या ब्रशने मऊ केल्या. वाघाच्या पापण्या कापून प्रमाणात आणल्या, चीर भरून काढली आणि बुबुळं खाली बसवून चेहरा साफ केला. डोळे नंतर आखता येणारच होते. काम झाल्यावर मी चारही जनावरांवरून हात फिरवला. बोटाला कुठेही काही लागलं नाही.

फायबरची जनावरं रंगवायला माझ्याकडे आली तेव्हा वाघाचे डोळे मी आखले. पिवळ्यावर काळी रेघ, आणि मध्ये पांढरा ठिपका. आयुष्यातली माझी सगळ्यात चांगली आखणी ती. कुठेही उभं राहा, वाघ तुमच्याकडे बघायचा. पहिल्या बाईंची तोवर बदली झाली होती. नवे साहेब ताब्यात घ्यायला आले, ते म्हणाले, ‘फर्स्ट क्लास फिनिशिंग!’ मी दादाला कळवलं की साचेवाला घाई करत होता, म्हणून तुझी वाट न बघता काम पाठवलं. घासल्याचं कळवलं नाही.

उद्घाटनाला त्याला बोलावणं आलं. वहिनी वाल काढायच्या कामात होती, म्हणून तो एकटाच निघाला. रोह्याहून पहिल्या गाडीने पेणला आला. नवा पांढरा सदरा, डोक्याला तेल. पुढे आम्ही जीपने गेलो. वाटेत तो मला सांगत होता की पोरांना काय काय सापडेल. कासवाच्या पाठीवरची घरं, मगरीच्या शेपटीवरची धार, पिल्लाच्या डोक्यावरचे केस. म्हणाला, ‘वाघाच्या डोळ्यात नख गेलं की पोरं हात मागं घेतील बघ.’ घाटात गाडी तीन वेळा थांबली. तिन्ही वेळा मला सांगता आलं असतं. दुसऱ्या वेळी मी तोंड उघडलंही, पण विचारलं काय, तर पाणी हवं का.

अंध शाळेची मुलं रांगेत उभी होती. साहेबांनी दादाची ओळख करून दिली, हार घातला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. फीत कापून झाल्यावर तो माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, ‘आदी वाघाकडं ने.’ मी नेलं. त्याने दोन्ही हात वाघाच्या पाठीवर ठेवले. हात खांद्यापर्यंत आले तसे हळू झाले, मानेवर आणखी हळू. मग चेहरा. त्याचा अंगठा डोळ्याच्या जागेवर गेला आणि माझ्या गुळगुळीत रंगावरून दोनदा फिरला. तिथेच थांबला. मी त्याच्या शेजारी उभा होतो. त्याला कळलं होतं. पॉलिश पेपर कुणाच्या हाताने फिरलाय हे सांगायला त्याला डोळे लागत नव्हते.

तेवढ्यात दहा-अकरा वर्षांची एक मुलगी पलीकडून वाघाचं तोंड चाचपत आली. तिला दात सापडले, नाक सापडलं. मग ती कपाळापर्यंत जाऊन परत खाली आली, पुन्हा वर गेली. तिने विचारलं, ‘याला डोळे नाहीत का?’

तिच्या शिक्षिकेने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी माझ्याकडे. डोळे तर होते, लांबून सगळ्यांना दिसत होते. मी काय बोललो असतो ते मला अजून माहीत नाही, कारण माझ्याआधी दादा बोलला.

‘डोळे रायले गो बाय. माझ्याकडनं रायले. मला दिसत नाय, तर ध्यानातच आलं नाय.’

मग त्याने तिचं बोट हातात घेतलं आणि त्या सपाट जागेवर टेकवलं. म्हणाला, ‘हितं एक हाय. आता बग, हितनं असा वर जातो.’ तिच्या बोटाने त्याने वाघाचा डोळा आखला, एका दमात, मध्ये श्वास न घेता. मग दुसरा. मी बघत होतो. त्याची रेघ माझ्या रेघेवरून गेली नाही. त्याचा डोळा थोडा वर होता आणि कोपऱ्यात खाली उतरत नाकाकडे येत होता, मांजरीचा येतो तसा. माझा देवीच्या सिंहाचा होता.

मुलगी म्हणाली, ‘मोठे आहेत.’

‘व्हय,’ दादा म्हणाला, ‘वाघ हाय तो.’

परतीच्या वाटेवर घाट उतरल्यावर तो म्हणाला, ‘पाठ मात्र ठेवलीस.’ मी हो म्हटलं. त्या आवाजात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. त्याला पेणला मुक्काम कर म्हणालो, पण त्याने रोह्याची गाडी धरली. वाकून पाया पडावं आणि सगळं बोलून टाकावं असं स्टेशनवर फार वाटलं. मी त्याला खिडकीजवळची जागा मिळवून दिली आणि उतरलो.

डोळे बदलून देतो म्हणून मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, लोकांना फार आवडलेत, राहू द्या. मी परत विचारलं नाही. दादा पुन्हा पेणला आला नाही. मी हंगामानंतर जाईन म्हणायचो आणि हंगामानंतर दुसरं काही निघायचं. तिसऱ्या वर्षी, श्रावण संपताना तो गेला. कारखान्यात मूर्ती आखणीला लागल्या होत्या. मी एक दिवस जाऊन आलो.

वर्षश्राद्धाला मात्र मी सकाळपासून थांबलो. पंगत उठल्यावर वहिनीने मला चहा दिला आणि ओटीवर माझ्यासमोर बसली. म्हणाली, ‘भावोजी, एक बोलायचं रायलंय.’ मला वाटलं, शेवटी तिला त्याने सांगितलं असणार, आणि ते व्हावं असंच मला वाटलं. छातीवरचं ओझं दुसऱ्या कुणी उतरवून घेतलं असतं.

तिने हात जोडले. म्हणाली, ‘त्यांच्याकडनं त्या वाघाचे डोळे रायले आनि तुमच्या कारखान्याचं नाव खराब झालं. शेवटपरेंत त्यांच्या तोंडात तेच होतं. तुमी कदी बोलून दाखवलं नाय. त्यांच्या वतीने मी माफी मागते.’

मी चहा पीत होतो. म्हटलं, ‘असू दे वहिनी, कामात होतं असं.’